इंदूवन्संनी वाचलेला मूकपट

अवसरीच्या शाळेत माझा चौथीचा वर्ग पाढे म्हणत होता. चाळीस पोरांचा एकच सूर लागला होता. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले आणि काहीतरी बोलले. त्या गलक्यात मला एक अक्षरही ऐकू आलं नाही, तरी सगळं कळलं. ‘घरून फोन होता. इंदूताई गेल्या.’ त्यांचे ओठ मी वाचले होते. पोरांना थांबवायचं भान मला राहिलं नाही. सतराचा पाढा पुरा झाला आणि मगच वर्गाच्या लक्षात आलं की बाई रडताहेत. ओठ वाचायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्या जाण्याची बातमीही मला ओठांवरूनच कळावी... महिना होऊन गेला, पण ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही.

इंदूवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नवव्या वर्षी मेंदूचा ताप आला. त्यातून त्या वाचल्या, पण ऐकू येणं कायमचं गेलं. तोवर बोलायला आलेलं होतं, चौथीपर्यंत शाळाही झाली होती, त्यामुळे बोलणं राहिलं. आवाज मात्र मोठा आणि एका पट्टीतला, कारण तो किती चढलाय हे त्यांना कळायचं नाही. कळंबला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चाले. हायवेवरून जड ट्रक गेला की जमिनीतून त्यांच्या पायाला समजायचं, आणि मशीन चालवता चालवता त्या म्हणायच्या, “भरलेला हाय ह्यो.” कळंबपासून मंचरपर्यंतच्या बायका त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला येत. कुणाच्या पाठीला बाक आहे, कोण पोटुशी आहे, हे त्यांना मापं घ्यायच्या आधी उमगायचं. गावात मात्र त्यांचं नाव ‘बहिरी इंदू’ असंच होतं. तोंडावर म्हणायचे लोक. ऐकू येत नाही, म्हणजे कळतही नाही, असा त्यांचा समज.

मी लग्न होऊन आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. माहेर जुन्नरचं. डी.एड. झालेली, तरी सासरी आल्यावर पदर दातात धरून बोलायची सवय लागली. दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात वन्संनी माझ्या तोंडावरचा पदर हातानं बाजूला केला. मी घाबरले. त्या म्हणाल्या, “त्वांड दिसू दे, नलू. तू त्वांड झाकलंस की मला घरात कुनीच न्हाई असं वाटतंय.” त्या दिवसापासून मी त्या घरात उघड्या तोंडानं वावरले. सासूबाईंना ते आवडलं नाही, पण वन्संच्या पुढं त्यांचं काही चाललं नाही.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. त्याची हकिगत मला ह्यांनी सांगितली. निरगुडसरकडचं एक स्थळ बघायला आलं होतं. पाहुणे चहा घेता घेता आपसांत हळू बोलत होते आणि वन्सं समोर मान खाली घालून बसल्या होत्या. निदान पाहुण्यांना तसं वाटत होतं. मुलाचा मामा म्हणाला, “पोरगी कामाला बरी हाय. आन् बोलायची कटकट न्हाई.” वन्संनी कपबशा गोळा केल्या, ट्रे उचलला, आणि दारात वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पावणं, कटकट लई करीन मी. तुमी दुसरी बघा.” आमचे सासरे हसावं की रागवावं या पेचात पडले होते म्हणे. शेवटी हसले. त्यानंतर पुन्हा स्थळं बघितली गेली नाहीत. त्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “त्या माणसाचं वाटतं. त्याला बोलणारी मिळाली नसंल.”

आता ती मूकपटाची गोष्ट सांगते. गेल्या महिन्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं तीच विचारली, आणि प्रत्येक वेळी सांगताना माझा ऊर भरून आला. हे नव्वदच्या दशकाच्या अखेरीचं. भाऊबीजेला मी माहेरी गेले होते, वन्सं बरोबर होत्या. जुन्नरच्या पेठेत पारसशेठचं कापडाचं दुकान आहे. मूळ राजस्थानातलं जैन कुटुंब, पण चार पिढ्या इथं गेलेल्या. अस्तराचं कापड वन्सं त्यांच्याकडूनच घ्यायच्या, कारण पारसशेठ त्यांच्याशी बोलताना गठ्ठ्यात डोकं घालून बोलत नसत, समोर बघून बोलत. त्या दिवशी ते म्हणाले, “इंदूताई, उद्या दुपारी हायस्कूलच्या हॉलमधी या. आमच्या माळ्यावर एक शिनेमाचा डबा सापडला व्हता, त्यो दाखवणारेत. लई जुना हाय. आवाजच न्हाई त्याला.”

“मग त्यो माझ्यासाठीच काढलाय,” वन्सं म्हणाल्या.

डब्याची हकिगत अशी की, पारसशेठच्या आजोबांनी कधीकाळी कुठल्याशा नाटकवाल्यांना मागचं अंगण आणि एक खोली वापरायला दिली होती. त्यांनी तिथं चित्रीकरण केलं आणि निघून गेले. पुढं माळा साफ करताना गंजलेला गोल डबा निघाला. आतली फीत एका बाजूनं चिकट होऊन तपकिरी पडलेली. पारसशेठनी ती भंगारात दिली नाही, पुण्यातल्या एका अभ्यासकांकडे नेली. त्यांना आम्ही पुढं नुसतं ‘सर’ म्हणायला लागलो. सरांनी जाणकारांकडून फीत साफ करून घेतली आणि जेवढी वाचली तेवढीची व्हिडिओ कॅसेट केली. सुरुवातीचा भाग सडला होता. मूकपटात मधे मधे जो मजकूर लिहिलेल्या पाट्या येतात, त्याही सगळ्या गेल्या होत्या. उरली ती दहा-बारा मिनिटांची नुसती हलती चित्रं. पटाचं नाव नाही, नटांची नावं नाहीत.

हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या, पुढं एक मोठा टीव्ही. दीडशे तरी माणसं असतील. चित्र सुरू झालं आणि घराच्या मागं शिवनेरीचा कडा दिसला, तशा टाळ्या पडल्या. आपल्या गावात, आपल्या आजोबांच्या काळात सिनेमा झाला होता, याचाच सगळ्यांना केवढा अभिमान! गोष्ट दिसायची ती अशी : एक माणूस घराच्या आत उभा आहे, बायको लेकराला कडेवर घेऊन आत येऊ बघते. तो हातातल्या लांब काठीनं तिला ढकलतो. ती पुन्हा येते, तो पुन्हा ढकलतो, दार लावून घेतो. ती दारावर डोकं आपटते. तो खिडकीच्या गजांतून काहीतरी ओरडतो. मग ती रानातल्या एका खोपीत. मग ती परत येते, तेव्हा घरावर कौलं नाहीत, आत नुसतं ऊन पडलंय, आणि ती उंबऱ्यावर बसून राहते. संपलं.

बायको दारावर रडते त्या प्रसंगाला हॉल अगदी गप्प होता. आणि वन्सं मोठ्यानं हसल्या. सगळ्या माना वळल्या. मी त्यांचा हात दाबला. “काय झालं?” मी ओठांनीच विचारलं. “अगं, ह्यो बाप्या हाय. बाईचं सोंग घेतलंय. आन् म्हणतोय, माशी हाकला, नाकावर माशी बसलीया.” मला हसू आलं, पण त्याहून जास्त लाज वाटली. माहेरच्या गावातली माणसं आमच्याकडे बघत होती.

चित्र संपल्यावर सर बोलायला उभे राहिले. तयारी करून आले होते. त्या काळचा क्रूर नवरा, बायकोला काठीनं मारून घराबाहेर काढणारा, तिच्या माघारी त्याच्या घराची झालेली वाताहत... असं ते नीट समजावून सांगत होते. वन्सं त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मधेच त्यांनी मला कोपरानं ढोसलं. “काय म्हणतोय त्यो? मारतोय व्हय बायकोला?” मी मान डोलावली. तशा त्या उठून उभ्याच राहिल्या. मी त्यांच्या पदराला धरून खाली ओढलं. हे लिहायला आजही हात जड होतो, पण ओढलं हे खरं आहे. चारचौघांत त्यांचा तो एकसुरी मोठा आवाज निघेल, लोक हसतील, आणि माझे वर्गमित्र, माझ्या बाई, सगळे बघतील... एवढंच त्या क्षणी माझ्या मनात होतं. वन्संनी माझा हात सोडवला.

“सायेब, त्यो मारत न्हाई तिला.”

हॉलमधे खसखस पिकली. सर म्हणाले, “तुम्हाला कसं माहीत?”

“त्यो म्हणला की.”

“कोण?”

“त्यो. टीवीतला.”

आता लोक उघड हसायला लागले. मी मान खाली घातली. पण वन्सं थांबल्या नाहीत. “त्यो म्हणतोय, म्होरं येऊ नको. मला पिलेग झालाय. लेकराला घे आन् रानात जा. शिवायचं न्हाई म्हणून काठीनं ढकलतोय त्यो. माराया न्हाई.”

हसणं एकदम बंद झालं. त्या सरांचं मोठेपण असं, की त्यांनी वाद घातला नाही. ते टीव्हीजवळ गेले आणि स्वतः कॅसेट मागं घेतली. चित्र पुन्हा सुरू झालं. या वेळी आम्ही सगळ्यांनी बघितलं. काठी पडते ती बायकोच्या अंगावर नाही, तिच्या पायापुढच्या जमिनीवर. बायको दिसायच्या आधी तो माणूस डाव्या काखेत हात घालून गाठ चाचपावी तसं काहीतरी चाचपतो आणि तोंड वेडंवाकडं करतो. त्यानंतर तो डावा हात अंगाला लागू देत नाही. एवढं सगळं डोळ्यांपुढं होतं, आणि आवाज ऐकणाऱ्या आम्ही दीडशे जणांनी ते बघितलंच नव्हतं.

चित्रातलं बिनकौलांचं घर आलं तेव्हा पहिल्या रांगेतून पारसशेठचे वडील, अण्णा, काठी टेकून उठले. पंच्याऐंशीच्या घरात होते. म्हणाले, “बाई बरोबर बोलतीया. पिलेगात आमच्या आळीतली कौलं उतरवली व्हती. घरात ऊन पडाया पायजे म्हणून. माणसं समदी रानात खोप्या घालून राह्यची. मी ल्हान व्हतो, पण उघडी घरं ध्यानात हायत माझ्या.” मग ते वन्संकडे वळले आणि त्यांना दिसेल असं, शब्द सुटा करून म्हणाले, “माझा एक भाऊ गेला त्यात.”

वन्संनी त्यांना हात जोडले. मी रडत होते, कशासाठी ते मलाच ठाऊक. परत येताना एसटीत मी त्यांच्यासमोर तोंड करून म्हटलं, “वन्सं, मी तुमचा पदर ओढला.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या, मला वाटलं, माझं बोलणं हुकलं त्यांच्याकडून. थोड्या वेळानं म्हणाल्या, “ओढलास तर ओढलास. फाटला न्हाई.”

महिनाभरात सरांचं पत्र आलं. इंदूताईंनी पुण्याला यावं, सगळा मूकपट सावकाश बघावा आणि जे जे बोललं गेलंय ते लिहून द्यावं, त्यावरून नव्या पाट्या करता येतील. मी रजा काढली. आम्ही तीन दिवस रोज सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येत होतो. तिथलं यंत्र चित्र थांबवून, एकेक करून दाखवणारं होतं. सरांना वाटलं, थांबवलं की यांना सोपं जाईल. पण वन्सं वैतागल्या. “थांबवू नका हो. थांबवलं की ओठ मरत्यात. चालता माणूस वळखू येतो, फोटूतला येत न्हाई.” मग तोच तुकडा पंधरा-वीस वेळा चालवायचा, त्या पुढं वाकून बघायच्या, स्वतःच्या ओठांनी तसंच करून बघायच्या, आणि मग मला सांगायच्या. मी वहीत लिहायची.

पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी माझी वही ओढून घेतली. मी मास्तरीण. लिहिलं होतं : ‘पुढे येऊ नकोस. मला प्लेग झाला आहे.’ वन्सं बोट ठेवून वाचत गेल्या आणि भडकल्या. “त्यो असं कुठं म्हणला? ‘म्होरं’ म्हणला त्यो. आन् पिलेग म्हणला. त्याच्या तोंडात तुझी शाळा कशाला घालतीस?” मी खोडलं आणि जसं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. सर शेजारी बसून बघत होते. नंतर म्हणाले, “मी प्लेग हा शब्द त्याच्या ओठांवर शोधत बसलो असतो, तर मला जन्मात सापडला नसता.”

अडलं ते एका नावापाशी. खिडकीच्या गजांतून तो माणूस लेकराला हाक मारतो. वन्संनी ते शंभर वेळा तरी पाहिलं. “पारू आसंल, बारू आसंल, न्हाईतर मारू. प, ब, म... ओठ सारखंच मिटत्यात. भाईरून फरक दिसत न्हाई.” सर म्हणाले, “पारू हे नाव असतं, बाकीची नसतात. पारूच धरूया की.” वन्संनी ठामपणे नकारार्थी मान हलवली. “आन् बाळू म्हणला आसंल तर? पोरगं हाय का पोरगी, ते तरी दिसतंय का कुंचीत?” सर म्हणाले, “अंदाजानं सांगा.” तर म्हणाल्या, “अंदाजानं बिलाउज बेततात का, सायेब? कापड वाया जातं.” त्या जागी पाटी रिकामी ठेवायची ठरली. त्या माणसाच्या शेवटच्या वाक्याबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती. लेकराला घेऊन बायको वाटेला लागते, थांबते, आणि तो गज धरून म्हणतो : ‘मागं बघू नको.’ तिसऱ्या दिवशी ते मला सांगताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता. म्हणाल्या, “ह्यो नट न्हाई वाटत मला इथं. ह्यानं कुनाला तरी खरंच असं म्हणलंय कधीतरी.”

दोन हजार सालानंतर कधीतरी तो पट पुन्हा जुन्नरला लागला, या वेळी भल्यामोठ्या पडद्यावर. हॉल पुरला नाही, माणसं व्हरांड्यात उभी होती. कळंबहून एक जीप भरून आम्ही गेलो होतो. जे त्यांना बहिरी इंदू म्हणायचे, ते त्या जीपमधे होते. पाट्या वन्संच्या शब्दांत, जशाच्या तशा. ‘म्होरं येऊ नको’ ही पाटी आली, तेव्हा कुणी हसलं नाही. ‘मागं बघू नको’ला बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अण्णा तोवर गेले होते. पारसशेठनी त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत रिकामी ठेवली होती. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं : ‘ओठांवरचे शब्द वाचले – इंदूबाई, कळंब, तालुका आंबेगाव.’ सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या वाजत होत्या आणि वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “टाळ्या वाजवताहेत, वन्सं. तुमच्यासाठी.” त्या म्हणाल्या, “दिसतंय की. हात हायत ते.” मग पडद्याकडे बघत, “तालुका टाकला ते बरं केलं. कळंब लई हायत.”

गावानं त्यानंतर त्यांना इंदूताई म्हणायला सुरुवात केली. त्यांच्यात मात्र काही फरक पडला नाही. एका वर्तमानपत्राचा माणूस मुलाखतीला आला, तर त्याच्या दाट मिशांमुळे त्यांना काही वाचता येईना. “आदी मिशी कातरून ये,” म्हणून परत पाठवला. तो खरंच कातरून आला! कधी कधी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या आया त्यांना शोधत यायच्या, काही औषध असेल, काही युक्ती असेल या आशेनं. पहिल्यांदा आली ती निरगुडसरची एक तरुण आई. वन्संनी तिला पाटावर बसवलं, खिडकीच्या उजेडाकडे तिचं तोंड केलं आणि सांगितलं, “औशिद न्हाई बाई. तू फकस्त अशी बसत जा लेकीपुढं. उजेडात. चूल फुंकता फुंकता बोलू नको, पाठ करून बोलू नको. तुझं त्वांड हेच तिचं कान.” ती बाई पुढं दर महिन्याला यायची. दहाव्यालाही आली होती. तिची मुलगी आता सातवीत आहे. माझ्याशी खणखणीत बोलली.

वन्संना शेवटी काही दुखणं नव्हतं. छातीत कळ आली, ह्यांना हाक मारली आणि दहा मिनिटांत सगळं संपलं. सरांचं सांत्वनाचं पत्र आलं, त्यात त्यांनी लिहिलंय की परदेशात एके ठिकाणी हा पट दाखवणार आहेत आणि तिथल्या भाषेत पाट्या होताहेत. नावाच्या जागची ती एक पाटी तिकडेही रिकामीच ठेवणार आहेत. हे वाचून मला पुन्हा एकदा त्यांचा अभिमान वाटला. माहीत नाही ते माहीत नाही म्हणायची ताकद, मी वर्गात इतकी वर्षं शिकवते, पण शिकले ती त्यांच्याकडून.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तशी मी पुढच्या खोलीत गेले. कुणी काही हलवलेलं नव्हतं. मशीन भिंतीकडे तोंड करून आहे, आणि त्याच्यावर भिंतीला एक मोठा आरसा. गिऱ्हाईक बायकांसाठी असेल, असं नव्या माणसाला वाटायचं. तो वन्संनी स्वतःसाठी लावला होता. दाराकडे पाठ करून शिवत बसलेल्या असायच्या, आणि येणाऱ्याचं तोंड त्यांना आरशात दिसायचं. आम्ही घरचे सगळे दारातूनच, त्यांच्या पाठीमागून, आरशाकडे बघून बोलायचो. मी दारात उभी राहिले. सवयीनं नजर आरशाकडे गेली, आणि तोंडून निघून गेलं, “वन्सं, चहा झालाय.” आवाज काढलाच नाही मी, कधी काढायचेच नाही. आरशात माझे ओठ हलले. स्टूल रिकामं होतं. खिडकीतून उजेड बरोबर माझ्या चेहऱ्यावर येत होता... मला वाटलं, घाईत बोलले का आपण? मग मी तेच पुन्हा एकदा म्हटलं, जरा सावकाश, एकेक शब्द सुटा करून.